व्यवस्थापन माहिती प्रणालीचे पदवीधर : त्यांचे कार्य व त्यांची व्यवसायक्षेत्रे

१. एक नाव, दोन अर्थ

विद्याशाखेचे नाव लोकव्यवहारात रुळले म्हणजे त्याचा अर्थ पुष्कळदा आकसतो, हा भाषेच्या अभ्यासकांचा नेहमीचा अनुभव आहे. ‘व्यवस्थापन माहिती प्रणाली’ किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून रूढ झालेले ‘एमआयएस’ हे नाव याचे ठळक उदाहरण होय. विद्यापीठीय परिभाषेत या नावाने संस्थेचे निर्णय, त्या निर्णयांस लागणारी माहिती आणि ती माहिती गोळा करणारी, जपणारी व योग्य त्या व्यक्तीपर्यंत पोहोचविणारी यंत्रणा या तिहींचा एकत्रित अभ्यास अभिप्रेत असतो. मुंबई-पुण्याकडील नोकरीच्या जाहिरातींत मात्र ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ असा शब्दप्रयोग आढळला, तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, उमेदवाराने एक्सेलच्या तक्त्यांत दररोजचे आकडे भरावेत, त्यांची जुळणी करावी व सायंकाळपर्यंत वरिष्ठांकडे अहवाल धाडावा.

हा अर्थसंकोच केवळ शब्दकोशापुरता असता, तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु त्याचे परिणाम विद्यार्थ्यांच्या आयुष्यावर होतात. जाहिरातीतील नाव व पदवीवरील नाव एकच आहे, एवढ्यावर विसंबून काही पदवीधर अशा जागा पत्करतात आणि काही वर्षांनी आपण शिकलो त्याचा येथे उपयोगच नाही, या निष्कर्षाप्रत येतात. दुसरे काही जण ही पदवी म्हणजे संगणक अभियांत्रिकीची सौम्य आवृत्ती आहे, असे समजून आज्ञावली लिहिणाऱ्या अभियंत्यांशी स्पर्धा करू पाहतात व त्या स्पर्धेत मागे पडतात. दोन्ही वर्ग आपापल्या परीने कष्टाळूच असतात. पण आपल्या विद्येचे मुख्य कार्य कोणते, हा प्रश्न दोघांनीही स्वतःस विचारलेला नसतो.

या प्रश्नाचे जे उत्तर पुढील विवेचनातून मांडावयाचे आहे, ते थोडक्यात असे : संस्थेच्या नोंदींत वापरल्या जाणाऱ्या शब्दांचा अर्थ निश्चित करणे, तो टिकविणे, तो पाळला जातो की नाही हे तपासणे, त्यावरून निष्कर्ष काढणे व त्या सर्वांबद्दल उत्तरदायी राहणे, हे या विद्येचे कार्य आहे. या पदवीधरांपुढील निरनिराळी व्यवसायक्षेत्रे ही याच कार्याची अंगे होत. यंत्र हे त्याचे साधन आहे, साध्य नव्हे.

२. पूर्वपीठिका

संगणकाच्या अगोदरपासून हे कार्य अस्तित्वात होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. इंग्लंडमध्ये चहाची उपाहारगृहे चालविणाऱ्या ‘जे. लायन्स आणि कंपनी’ या संस्थेने १९३०नंतरच्या दशकातच आपल्या कचेरीतील कामकाजाच्या पद्धतींचा अभ्यास करण्यासाठी एक स्वतंत्र कार्यालय उघडले होते. कोणता कागद कोठून निघतो, कोणाच्या हातून जातो, त्यावरील कोणता आकडा कोण वापरतो आणि कोणता आकडा कोणीच वापरीत नाही, याचा शोध घेणे हे त्या कार्यालयाचे काम. पुढे याच संस्थेने ‘लिओ’ नावाचा संगणक स्वतः बांधविला आणि नोव्हेंबर १९५१मध्ये आपल्या बेकऱ्यांच्या उत्पादनाचे मूल्य ठरविण्याचे काम त्यावर सुरू केले. व्यापारी कचेरीचे नित्याचे काम संगणकाने करण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. चहा-पाव विकणारी संस्था या क्षेत्रात अग्रेसर ठरली, याचे मर्म तिच्या यंत्रात जितके होते, तितकेच यंत्रापूर्वी वीस वर्षे चाललेल्या कागदांच्या अभ्यासात होते.

विद्यापीठांत या विषयास स्वतंत्र स्थान मिळाले ते अमेरिकेत. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांच्या पुढाकाराने १९६०नंतरच्या दशकाच्या अखेरीस या विषयाचे उच्च अध्ययन सुरू झाले. त्यांचा पायाभूत पाठ्यग्रंथ १९७४ साली व विषयास वाहिलेले ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक १९७७ साली निघाले. याच सुमारास, १९७० साली, एडगर कॉड यांनी नोंदी तक्त्यांच्या रूपाने व परस्परसंबंधांनिशी साठविण्याची उपपत्ती मांडली. आजचे बहुतेक कार्यालयीन डेटाबेस तिच्यावरच उभे आहेत.

भारतात या विद्येचे आगमन वादळी ठरले. आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागताच १९६०नंतरच्या दशकात कर्मचारी संघटनांनी त्यांस तीव्र विरोध केला. हातचे काम जाईल, ही त्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने १९६९ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे होते आणि तिचा अहवाल १९७२ साली सादर झाला. पुढे १९८०नंतरच्या दशकात रंगराजन समितीच्या शिफारशींनुसार बँकांत व त्याच सुमारास रेल्वेच्या आरक्षणात संगणकाचा प्रवेश झाला. दरम्यान १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने व तिच्यामागून आलेल्या संस्थांनी परदेशी कंपन्यांच्या माहिती प्रणाली घडविण्याचे व सांभाळण्याचे काम येथे आणले. आज महाराष्ट्रातील पदवीधरास जे रोजगार दिसतात, त्यांची मुळे अशी दोन ठिकाणी आहेत : एक, देशातील बँका, कारखाने व शासन यांच्या स्वतःच्या गरजा, आणि दुसरे, परदेशी संस्थांसाठी येथे चालणारे काम.

३. कार्याचे स्वरूप : ‘कुटुंब’ या शब्दाचे उदाहरण

माहिती प्रणालीचे काम हे अर्थनिश्चितीचे काम आहे, हे विधान एका परिचित शब्दावरून स्पष्ट करता येईल. मराठीत ‘कुटुंब’ या शब्दाचा रूढ अर्थ सर्वांस ठाऊक आहे असे वाटते. पण जुन्या पिढीतील गृहस्थ ‘आमचे कुटुंब’ म्हणत, तेव्हा त्यांस केवळ पत्नी अभिप्रेत असे. खेड्यातील शेतकरी ‘आमचे कुटुंब मोठे’ म्हणतो, तेव्हा त्यात भाऊ, भावजया, पुतणे व म्हातारे आईवडील येतात. जनगणनेच्या दृष्टीने एकत्र राहणारी व सामान्यतः एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. आयकराच्या कायद्यात ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ हा एक स्वतंत्र करदाताच आहे. बोलताना या अर्थांचा घोटाळा होत नाही, कारण प्रसंग व संदर्भ यांमुळे श्रोत्यास योग्य अर्थ उमगतो. यंत्रास मात्र प्रसंग कळत नाही. त्यास एकच अर्थ, तोही काटेकोर शब्दांत, अगोदर सांगून ठेवावा लागतो.

महाराष्ट्र शासनाने २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली, तेव्हा दीड लाख रुपयांची कर्जमाफीची मर्यादा ‘कुटुंबा’स लागू होती आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अठरा वर्षांखालील अपत्ये, अशी व्याख्या करण्यात आली होती. प्रशासनाच्या दृष्टीने ही व्याख्या आवश्यक व रेखीव होती. पण बँकांच्या वह्यांत कर्ज ‘कुटुंबा’च्या नावे नसते, ते खातेदाराच्या नावे असते. सातबाऱ्यावर जमीन पुष्कळदा भावाभावांच्या सामाईक नावे असते. शिधापत्रिकेवरील कुटुंब आणखी निराळे. अर्थात, चार ठिकाणच्या चार नोंदी एकत्र आणून त्यांतून शासकीय व्याख्येचे ‘कुटुंब’ सिद्ध करणे, हेच त्या प्रणालीपुढील मुख्य काम होते. बँकांकडील याद्या व ऑनलाइन भरलेले अर्ज यांचा मेळ बसविताना आलेल्या अडचणी आणि त्यामुळे लांबलेले वाटप हे सर्व त्या वर्षीच्या वृत्तपत्रांतून गाजले. तांत्रिक बिघाड म्हणून ज्याची संभावना झाली, त्याचा बराच भाग निरनिराळ्या खात्यांच्या नोंदींतील एकाच शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांत दडलेला होता.

व्यापारी संस्थांतही स्थिती वेगळी नाही. ‘विक्री झाली’ हे वाक्य मागणी नोंदविणारा विभाग एका क्षणी उच्चारतो, गुदामातून माल पाठविणारा दुसऱ्या क्षणी, बीजक करणारा तिसऱ्या क्षणी, आणि पैसे हाती पडल्यावाचून विक्री झाली असे रोखपाल मानीतच नाही. या चारही अर्थांची बेरीज जर एकाच अहवालात झाली, तर संचालक मंडळापुढे येणारा आकडा गणिताच्या दृष्टीने अचूक व व्यवहाराच्या दृष्टीने निरर्थक असेल. आज्ञावली लिहिणारा अभियंता यापैकी कोणताही अर्थ यंत्रास शिकवू शकेल. पण कोणता शिकवावा, हे त्याने ठरवावयाचे नसते. विभागप्रमुखास आपला अर्थ ठाऊक असतो, पण तो इतरांहून वेगळा आहे याची जाणीव असतेच असे नाही. या दोघांच्या मध्ये उभे राहण्याची पात्रता ज्यास असते, तोच या विद्येचा पदवीधर.

४. व्यवसायक्षेत्रांचे वर्गीकरण

अमेरिकेच्या शासकीय व्यवसाय-वर्गीकरणात ‘एमआयएस’ नावाचा एकही व्यवसाय नाही. या पदवीचे लोक प्रणाली विश्लेषक, डेटाबेस प्रशासक, माहिती सुरक्षा विश्लेषक, माहिती प्रणाली व्यवस्थापक अशा अनेक व्यवसायांत विखुरलेले आढळतात. भारतातही तसेच आहे. तेव्हा पदनामांची यादी पाठ करण्यापेक्षा वर सांगितलेल्या कार्याच्या अंगांनुसार या व्यवसायांचे वर्ग पाडणे अधिक उपयुक्त ठरेल.

(क) अर्थ निश्चित करणारे. प्रणाली विश्लेषक व व्यवसाय विश्लेषक हे या वर्गात येतात. निरनिराळ्या विभागांतील लोकांशी बोलणे, त्यांचे काम प्रत्यक्ष पाहणे, त्यांच्या गरजा लेखनिविष्ट करणे, त्या गरजांतील विसंगती दाखवून देणे आणि अखेरीस अभियंत्यास संदिग्ध वाटणार नाही असा आवश्यकता-लेख सिद्ध करणे, हे त्यांचे काम. यास यंत्राचे जुजबी नव्हे, पण मध्यम ज्ञान पुरते. मात्र ऐकण्याची चिकाटी व नेमके लिहिण्याची सवय ही उच्च प्रतीची लागते. या वर्गाचीच एक शाखा म्हणजे ईआरपी सल्लागार. हिशेब, खरेदी, गुदाम, उत्पादन व वेतन या सर्वांची एकच तयार प्रणाली पुरविणाऱ्या संस्थांत जर्मनीची सॅप ही प्रमुख होय. आयबीएम सोडून बाहेर पडलेल्या पाच जणांनी ती १९७२ साली स्थापिली. अशी तयार प्रणाली एखाद्या कारखान्यात बसविताना कारखान्याच्या रीती बदलावयाच्या की प्रणालीत फेरफार करावयाचा, हा प्रश्न पावलोपावली उभा राहतो आणि त्याचे उत्तर देण्यासाठी लेखाशास्त्र किंवा उत्पादन यांपैकी एखाद्या क्षेत्राचे पक्के ज्ञान असावे लागते. पुणे परिसरात वाहन-उद्योग व त्याचे सुटे भाग पुरविणारे असंख्य कारखाने असल्यामुळे या शाखेस येथे विशेष वाव आहे.

(ख) अर्थ टिकविणारे. डेटाबेस प्रशासक व मूळ नोंदींचे व्यवस्थापक हे या वर्गातील. एकदा ठरलेला अर्थ वर्षानुवर्षे, लक्षावधी नोंदींत, माणसे बदलली तरी अभंग राखणे हे यांचे कर्तव्य. या कामातील अडचणी मराठी वाचकास सहज कळण्यासारख्या आहेत. महाराष्ट्रात विवाहानंतर स्त्रीचे केवळ आडनावच नव्हे, तर मधले नावही बदलण्याची चाल आहे. क्वचित पहिले नावही बदलते. शाळेचा दाखला, बँकेचे खाते व मालमत्तेची नोंद यांवर एकाच स्त्रीची तीन नावे असणे त्यामुळे मुळीच असामान्य नाही. ‘चौधरी’ हे आडनाव रोमन लिपीत पाच-सहा प्रकारांनी लिहिले जाते. काही ठिकाणी आडनाव आधी, तर काही ठिकाणी शेवटी. एक व्यक्ती म्हणजे एक नोंद, हे सूत्र उच्चारण्यास सोपे असले, तरी ते पाळण्यासाठी भाषा, लिपी व सामाजिक चालीरीती यांची जाण लागते. परदेशी पाठ्यग्रंथांत या अडचणींची चर्चा त्रोटक असते. म्हणून येथील पदवीधरास हे क्षेत्र संशोधनासाठीही खुले आहे.

(ग) अर्थ तपासणारे. माहिती प्रणालीचे लेखापरीक्षक व माहिती सुरक्षेचे अधिकारी यांचा समावेश या वर्गात करावा लागेल. प्रणालीत कोणास कोणती नोंद बदलण्याचा अधिकार आहे, बदल केल्याची खूण राहते की नाही, एकाच व्यक्तीच्या हाती मागणी व मंजुरी असे दोन्ही अधिकार आले आहेत काय, अपघाताने नोंदी नष्ट झाल्यास त्या परत मिळविता येतील काय, अशा प्रश्नांची पद्धतशीर तपासणी लेखापरीक्षक करतो. या व्यवसायाची ‘सीसा’ ही आंतरराष्ट्रीय परीक्षा १९८१पासून घेतली जाते. भारतात सनदी लेखापालांच्या संस्थेचा याच विषयावरील अभ्यासक्रम आहे; अर्थात तो तिच्या सभासदांसाठी आहे. बँका, विमा कंपन्या व शासकीय खाती यांच्या प्रणालींचे असे परीक्षण आता नित्याचे झाले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चा आणि व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३चा; या दोहोंमुळे नोंदी बाळगणाऱ्या संस्थांवरील जबाबदारी वाढली आहे व तपासणाऱ्यांची गरजही. संशयी वृत्ती, चिकाटी व अप्रिय निष्कर्ष स्पष्ट शब्दांत लिहिण्याचे धैर्य ज्याच्या ठायी असेल, त्याने या वर्गाचा विचार अवश्य करावा.

(घ) अर्थ वाचणारे. साठविलेल्या नोंदींवरून निष्कर्ष काढणारे विश्लेषक या वर्गात मोडतात. आरंभी उल्लेखिलेला ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ याच वर्गाच्या पायथ्याशी उभा असतो. या पायथ्याचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. रोजचे आकडे हाताळणाऱ्यास संस्थेची नाडी इतरांपेक्षा लवकर सापडते. मात्र तेथून वर जाण्याची वाट अहवाल अधिक वेगाने तयार करण्यातून जात नाही. आकडा कोठून आला, त्यात काय धरले व काय वगळले, मागील महिन्याशी त्याची तुलना न्याय्य आहे काय, हे प्रश्न विचारण्यातून ती जाते. ‘ग्राहक दहा टक्क्यांनी वाढले’ असे वाक्य लिहिण्यापूर्वी तीन खाती असलेला माणूस एक ग्राहक की तीन, हे ज्याने विचारले, तो विश्लेषक होण्यास योग्य झाला असे समजावे. यासाठी संख्याशास्त्राचे शिक्षण व डेटाबेसला प्रश्न विचारण्याची ‘एसक्यूएल’ ही भाषा या दोन गोष्टी अपरिहार्य आहेत.

(च) उत्तरदायित्व स्वीकारणारे. प्रकल्प व्यवस्थापक व माहिती प्रणालींचे प्रमुख अधिकारी यांची पदे पदवी मिळताच लाभत नाहीत. वरील चार वर्गांपैकी किमान दोहोंतील अनुभव, अंदाजपत्रकाची जाण व माणसे सांभाळण्याची हातोटी यांच्या संयोगाने ती कालांतराने प्राप्त होतात.

याखेरीज शासनसेवा व अध्यापन यांचा स्वतंत्र निर्देश केला पाहिजे. १९७६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र व निरनिराळी राज्यशासकीय खाती यांतून अशा कामास मोठे क्षेत्र आहे. परंतु शासकीय व बँकांच्या भरतीत पात्रतेसाठी विशिष्ट पदव्यांची नावे दिलेली असतात. अभियांत्रिकीची पदवी किंवा एमसीए यांचा उल्लेख असून व्यवस्थापन माहिती प्रणालीचा नसणे हे नेहमीचे आहे. प्रवेश घेतानाच पदवीचे अधिकृत नाव व आपण इच्छीत असलेल्या सेवेची पात्रता-अट ही दोन्ही ताडून पाहणे अगत्याचे होय. अध्यापनाबाबतही हीच दक्षता हवी. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत हा स्वतंत्र विषय नसल्यामुळे ‘व्यवस्थापन’ किंवा ‘संगणकशास्त्र व उपयोजन’ यांपैकी एकाची निवड करावी लागते, व ती पदव्युत्तर पदवीच्या विषयाशी सुसंगत असावी लागते.

५. चुकीच्या अर्थाचे मोल

या कार्यातील हेळसांड केवळ नफ्यातोट्याचा प्रश्न नसून माणसांच्या अब्रूचा प्रश्न होऊ शकतो, याचे दारुण उदाहरण ब्रिटनच्या टपाल खात्याने घालून दिले आहे. तेथील गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत १९९९पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक-प्रणाली बसविण्यात आली. प्रणालीचा आकडा व पेटीतील रोकड यांत तफावत दिसू लागली, की ती रक्कम कचेरी चालविणाऱ्याने खाल्ली, असा अर्थ लावला जाई. १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक जणांस चोरी, अफरातफर व खोटे हिशेब या आरोपांखाली दोषी ठरविण्यात आले. कित्येकांस तुरुंगवास घडला, कित्येकांचे संसार मोडले. डिसेंबर २०१९मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचा निर्णय दिला. एप्रिल २०२१मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. आणि अखेर २०२४ साली संसदेस खास कायदा करून उरलेल्या बहुसंख्यांस दोषमुक्त करावे लागले.

या प्रकरणात आज्ञावलीतील दोष तर होतेच. पण दोष कोणत्या आज्ञावलीत नसतात? अनर्थ ओढवला तो ‘तफावत’ या शब्दास एकच अर्थ चिकटविल्यामुळे. प्रणालीतील तफावत म्हणजे दोन नोंदी जुळत नाहीत, एवढेच विधान; चोरी हा त्याचा एक संभाव्य अर्थ, यंत्राची चूक हा दुसरा, भरणाऱ्याची अनवधानता हा तिसरा. या तिहींत निवड करण्यासाठी जी चौकशी व्हावयास हवी होती, ती झाली नाही. कचेरी चालविणारे ‘यंत्र चुकते’ म्हणत होते, पण त्यांचे म्हणणे ऐकून, लेखनिविष्ट करून, अभियंत्यांपर्यंत व वरिष्ठांपर्यंत पोहोचविण्याचे काम जेथे व्हावयास पाहिजे होते, तेथे ते झाले नाही. वर (क) ते (च) या वर्गांत जी पदे वर्णिली, त्यांपैकी प्रत्येक पदाचे येथे काहीतरी कर्तव्य होते. विद्यार्थ्यांस हे प्रकरण परीक्षेसाठी नव्हे, तर व्यवसायाची नीती समजण्यासाठी अभ्यासावयास लावले पाहिजे.

६. भवितव्याचा विचार

नोव्हेंबर २०२२नंतर भाषिक प्रतिमानांवर आधारलेली साधने सर्वत्र उपलब्ध झाली व साध्या भाषेतील सूचनेवरून तक्ते, अहवाल आणि आज्ञावल्यांचे तुकडे तयार होऊ लागले. यामुळे या पदवीचे भवितव्य काय, असा प्रश्न विद्यार्थी साहजिकच विचारतात. याबाबत अमेरिकेच्या श्रम-सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली प्रसिद्ध केलेले २०२३ ते २०३३ या दशकाचे अनुमान बोलके आहे. सर्व व्यवसायांत मिळून सरासरी ४ टक्के वाढ अपेक्षित असता केवळ आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या संख्येत सुमारे १० टक्के घट, प्रणाली विश्लेषकांत ११ टक्के वाढ व माहिती सुरक्षा विश्लेषकांत ३३ टक्के वाढ त्यात अनुमानिली आहे. अनुमान ते अनुमानच, व देशही वेगळा. तथापि भारतातील माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे मोठे गिऱ्हाईक तोच देश असल्यामुळे या अनुमानाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

त्यातून दिसणारी दिशा वरील विवेचनाशी जुळणारी आहे. ठरलेल्या अर्थाचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणे हे काम यंत्राकडे सरकत आहे. अर्थ ठरविणे व तपासणे हे काम माणसाकडे उरत आहे. नव्या साधनास ‘या तिमाहीतील विक्री दाखव’ असे सांगितले असता ते क्षणार्धात आकडा देते. चार विभागांच्या चार अर्थांपैकी कोणता घेतला, हे विचारणारा कोणी नसेल, तर चुकीचा आकडा पूर्वीपेक्षा अधिक वेगाने व अधिक सुबक रूपात वरिष्ठांपुढे जाईल, इतकेच. ज्या पदवीधराचे सर्व कौशल्य अहवाल जुळविण्यातच आहे, त्याने मात्र वेळीच सावध होणे इष्ट होय. १९६०नंतरच्या दशकात विमा कचेऱ्यांतील कारकुनांस वाटलेली भीती आज त्याच्या दारी आली आहे.

७. निवडीची कसोटी

निवड करताना वेतन व पदनाम यांचा विचार कोणी करू नये, असे नाही. पण पदनामे संस्थेगणिक बदलतात व वेतने वर्षागणिक. म्हणून मुलाखतीच्या वेळी उमेदवाराने काही साधे प्रश्न विचारावेत. या पदावरील माणसास नोंदींच्या व्याख्या ठरविण्यात भाग घेता येतो काय? ज्यांच्या कामाची प्रणाली बनते, त्यांच्याशी त्यास प्रत्यक्ष बोलता येते काय? अहवालात चूक आढळल्यास ती सांगण्याची रीत काय, व ती सांगणाऱ्याचे पुढे काय होते? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे असेल, तर जाहिरातीत ‘एमआयएस’ हे नाव कितीही ठळक छापलेले असो, ती जागा शिकण्यासाठी एक-दोन वर्षे पत्करावी, आयुष्यासाठी नव्हे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर तेवढाही मुक्काम करू नये.

तयारीच्या दृष्टीने चार गोष्टींस प्राधान्य द्यावे. डेटाबेसची रचना व एसक्यूएल ही पहिली. लेखाशास्त्राचे मूलभूत ज्ञान ही दुसरी, कारण बहुतेक संस्थांतील सर्वांत जुनी व सर्वांत शिस्तबद्ध माहिती प्रणाली म्हणजे तिची हिशेबाची वही. तिसरी, एखाद्या उद्योगाची किंवा शासकीय खात्याची जवळून ओळख. आणि चौथी, नेमके लिहिण्याचा सराव. या चौथ्या गोष्टीकडे अभ्यासक्रमांत फार थोडे लक्ष दिले जाते. महाराष्ट्रातील तलाठी, ग्रामसेवक, सहकारी संस्थांचे सचिव व कारखान्यांतील पर्यवेक्षक आपले काम मराठीत सांगतात, आज्ञावलीचा आवश्यकता-लेख मात्र इंग्रजीत तयार होतो. मधल्या वाटेवर कोणते अर्थ गळतात व कोणते नवे चिकटतात, हे ज्यास दोन्ही भाषा उत्तम अवगत आहेत त्यासच ओळखता येईल. मराठी माध्यमातून शिकलेल्या ज्या विद्यार्थ्यास आपले भाषाज्ञान या क्षेत्रात निरुपयोगी वाटते, त्याने हे पुनःपुन्हा ध्यानात आणावे. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यात काय काय लिहिलेले असते, हे ज्यास वाचता येते, त्याच्यावाचून त्या रकान्याचा डेटाबेस कोणत्याही अभियंत्यास नीट रचता येणार नाही.